पावसाळी वाचन: काय वाचलंत, काय बघितलंत, काय ऐकलंत?

पागोळी | १३ जुलै, रात्री ११:१०

आंब्याचे खोके माळ्यावर गेले, लावणी उरकली आणि लाईट दिवसातून चारदा जाते आहे. म्हणजे आमच्याकडे वाचनाचा हंगाम सुरू झाला. दरवर्षी कोणीतरी हा धागा काढतं, यंदा मी काढते. कादंबरी, भूतकथा, खूनकथा, कॉमिक्स, ऑडिओबुक, सगळं चालेल. अट एकच, नुसती नावांची यादी टाकून पळू नका.

माझ्यापासून सुरुवात. मी यंदा एकच पुस्तक वाचलं, पण मोठ्याने.

आईला (वय ७८) दोन वर्षांपासून मधलं दिसत नाही. डोळ्याच्या पडद्याचं दुखणं. कडेचं दिसतं, समोरचं पुसल्यासारखं. दाराची चौकट दिसते, दारात उभा असलेला माणूस दिसत नाही. तांदूळ अजून तीच निवडते, बोटांनी. पण पुस्तक सुटलं. ऑडिओबुक लावून दिलं तर दहा मिनिटांत म्हणाली, "हा फार गोड बोलतो गो, बंद कर."

मग मीच फोनवर रेकॉर्ड करायला लागले. श्री. ना. पेंडशांची 'गारंबीचा बापू', घरातलीच प्रत, पुठ्ठा सुटलेली. रात्री सगळे निजल्यावर वीस-वीस मिनिटांचे तुकडे. पहिले तीन वाया गेले. कौलांवर पाऊस असा की माझा आवाज कमी आणि पागोळ्यांचा जास्त. चौथा तुकडा डोक्यावरून गोधडी घेऊन, बॅटरीच्या उजेडात, घामाघूम होत वाचला. अगदी स्वच्छ आला. तो ऐकून आई म्हणते, "ह्यात पाऊस कुठे गेला? आधीचं बरं होतं."

पुढे चोरीही पकडली गेली. एका ठिकाणी मी दोन ओळी गाळल्या. आईला ऐकवायच्या म्हटल्यावर जीभ रेटेना. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना शांतपणे म्हणाली, "काल तू काहीतरी खाल्लंस मध्येच." कादंबरी १९५२ची, आईने वाचली सोळाव्या वर्षी, मामाच्या ट्रंकेतून काढून, गोठ्यावरच्या माळ्यात गवतावर बसून. "राधेचं नि बापूचं मला तेव्हापासून ठाऊक आहे. तू कशाला लाजतेस?"

तर प्रश्न असा, की आईने यंदा 'गारंबीचा बापू' वाचली म्हणायचं की ऐकली म्हणायचं?

शेवटचं_पान | १४ जुलै, सकाळी ६:५५

ऐकली. मातोश्रींबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणतो, ऐकणं ते ऐकणं आणि वाचणं ते वाचणं.

कारण सांगतो. या महिन्यात मी अ‍ॅगाथा ख्रिस्तीचं 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' पुन्हा काढलं. १९२६चं पुस्तक. ज्यांनी वाचलंय त्यांना ठाऊक आहे, ज्यांनी नाही त्यांचा विरस करणार नाही. शेवट कळल्यावर मी उठून चहा केला आणि पहिल्या पानापासून पुन्हा बसलो, हातात पेन्सिल घेऊन. बाईंनी आपल्या डोळ्यांदेखत कुठे कुठे लपवलंय ते शोधत गेलो. अकरा खुणा झाल्या. एका ठिकाणी तर नुसत्या एका वाक्यानंतर दुसरं वाक्य येतं आणि मधली दहा मिनिटं गायब! पहिल्या वाचनात माझ्या बापजन्मी लक्षात आलं नसतं.

हे ऑडिओत कसं करणार? पंधरा सेकंद मागे, पंधरा सेकंद मागे, म्हणजे भरल्या विहिरीतून करवंटीने पाणी काढण्यासारखं. रहस्यकथा ही मागची पानं चाळण्यासाठीच असते. बाकी प्रेमकथा, विनोदी वगैरे ऐका खुशाल.

करबुडे_पॅसेंजर | १४ जुलै, सकाळी ९:२०

सर, योगायोग बघा. तेच पुस्तक मी गेल्या महिन्यात कानाने संपवलं. संपवलं म्हणजे जवळजवळ.

दर शनिवारी मुंबईहून रत्नागिरीला येतो. खेडपासून पुढे नेटवर्क म्हणजे लपंडाव, म्हणून शहाणी माणसं आधी डाऊनलोड करून घेतात. मी शहाणा नाही. संगमेश्वर गेलं, उक्षी गेलं, इकडे डिटेक्टिव्ह प्वारोने सगळ्यांना एका खोलीत गोळा करून बसवलं. दिवा मुद्दाम त्यांच्या तोंडावर पडेल असा ठेवला. म्हणाला की खुनी याच खोलीत आहे. आणि गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली.

साडेसहा किलोमीटर. कोकण रेल्वेचा सगळ्यात लांब बोगदा. कानात शांतता, बाहेर काळोख, खिडकीच्या काचेत माझंच तोंड. त्या वेळात मी मनात तिघांना फासावर चढवलं. बाहेर पडलो तर भोके स्टेशनाला गोल चक्र फिरतंय ते फिरतंयच. रत्नागिरीला दारात अण्णा छत्री घेऊन उभे. शेवटी रात्री दोन वाजता, पडवीत मच्छर मारत, उरलेलं ऐकलं. तिन्ही फाशा चुकल्या होत्या.

तुमचं पानं चाळण्याचं पटलं. पण हे पुस्तक कानाने ऐकण्यात एक वेगळीच मजा आहे, जी डोळ्यांनी वाचणाऱ्याला मिळत नाही. वाचलेल्यांनी दोन मिनिटं विचार करावा. याहून जास्त बोललो तर धागा पेटेल.

शेवटचं_पान | १४ जुलै, सकाळी ९:४१

केला विचार. हं. मान्य. एवढ्या एका पुस्तकापुरतं.

कैरी_मीठ | १४ जुलै, दुपारी १:०५

हहपुवा (हसून हसून पुरेवाट), तिन्ही फाशा!

मी कॉलेजात आहे, त्यामुळे माझी यादी बघून काका-मावश्या नाकं मुरडतील. यंदा 'वन पीस' सुरू केलं. जपानी मांगा, १९९७पासून चालू आहे, शंभरच्या वर खंड झालेत, आणि समुद्री चाच्यांची गोष्ट आहे म्हणजे आपल्या किनाऱ्याला धरूनच. पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं. आजोबांनी सवयीने पुढून उघडलं, शेवटची मारामारी बघितली आणि म्हणाले, "सगळे मेले, आता काय वाचायचं?"

दुसरं म्हणजे मी फसले. 'तुंबाड' सिनेमा (२०१८) बघून वेडी झाले होते. कोणीतरी म्हणालं की पेंडशांची 'तुंबाडचे खोत' कादंबरी आहे, दोन जाडजूड खंड. वाचनालयातून छातीशी धरून आणली. दोनशे पानं झाली तरी सिनेमातला तो राक्षस हस्तर नाही! जगबुडी नदी आहे, खोत आहेत, भाऊबंदकी आहे, पण हस्तर येईना. आईला विचारलं, "हस्तर कधी येतो?" तिने मला ताप आलाय का बघितलं. मग कळलं, सिनेमाने पेंडशांकडून नाव घेतलं आणि त्या म्हातारीचा भाग नारायण धारपांच्या 'आजी' या कथेवरून.

पण गंमत पुढे. सोडून द्यावी म्हणेपर्यंत मी त्या घराण्यात अडकले होते. पिढी संपते, दुसरी सुरू होते, तेच गुण-अवगुण नातवात पुन्हा उगवतात. आमच्या घरातले दोन काका मला त्यात सापडले, नावं इथे सांगत नाही. हस्तर नसलेलं बरं झालं. लोभाला तिथे वेगळं भूत लागत नाही.

बंदरकर | १४ जुलै, रात्री ८:३०

आम्ही हर्णैचे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, जाळी विणायची आणि वाचायचं. आमच्यात वाचणारा मी एकटाच, त्यामुळे भाऊ मला 'मास्तर' म्हणतात, कौतुकाने नव्हे.

यंदा 'एका कोळियाने' वाचलं. हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट, मराठीत पु. ल. देशपांड्यांनी आणलेली. लोक म्हणतात जिद्दीची कथा वगैरे. मला सांगायचंय ते वेगळं. ८४ दिवस त्याला मासा नाही. शहरातला वाचक हा आकडा वाचून पुढे जातो. आमच्याकडे पंधरा दिवस रिकामी होडी आली की घरात बोलणं कमी होतं. वीस दिवसांनी डिझेलवाला फोन उचलत नाही. ८४ म्हणजे काय ते मी दोनदा थांबून मोजलं.

आणि हात. दोर हातातून सरकतो आणि तळवा कापतो, ते खरं आहे, अगदी खरं. माझ्या वडलांच्या उजव्या तळव्यावर आडवी रेघ आहे, ज्योतिषाला दाखवली तर तो गोंधळेल. त्यांना मी तो भाग वाचून दाखवला. त्यांनी एकच विचारलं, "एकटा कशाला गेला एवढ्या लांब? पोरगा होता ना बरोबर?" मी म्हटलं, पोराच्या घरच्यांनी त्याला दुसऱ्या होडीवर पाठवलं, हा म्हातारा अपशकुनी म्हणून. वडील गप्प. मग म्हणाले, "करतात तसं."

हे वाचन की ऐकणं ते तुम्ही ठरवा.

पागोळी | १४ जुलै, रात्री ९:०२

बंदरकर, हा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "वडलांना नमस्कार सांग."

तिठ्यावरचो | १५ जुलै, सकाळी १०:१५

मी मालवणीतच लिवतंय, समाजला नाय तर इचारा.

ऑडिओ पुस्तकांबद्दल माझी तक्रार एकच. गजाल आमच्या हयची, मानसा आमच्या हयची, आणि वाचणारो असो वाचता जसो काय सदाशिव पेठेत पाटार बसान श्रीखंड खाता. 'गो' म्हणूचा थय 'गं'. 'मेल्या' असो म्हणता की वाटता खराच कोणतरी मेलो. नाव घेणंय नाय, पण माका अर्ध्यातच बंद करूचा लागला. पागोळीताईंची आवस बरोबर बोलली, गोड बोलणारो आमका चलणा नाय.

यंदा परत चिं. त्र्यं. खानोलकरांचा 'कोंडुरा' वाचलंय, १९६६चा. पयल्यांदा वाचलेलंय तेव्हा रातचो भायर जावक भियालेलंय. ह्या येळेक भियालंय नाय, पण पुस्तक झाल्यार आठ दिवस कोणाशी जास्त बोललंय नाय. धारप वाचून आंग शिरशिरता, दिवो लावलो की जाता. खानोलकरांचा भय दिवो लावून जाना नाय.

आता कॉमिकाची गजाल. ल्हानपणी काको मुंबयसून इंद्रजाल कॉमिक हाडी. त्येच्यात वेताळ, म्हंजे तो फॅन्टम. आमका वाटा ह्यो आमचो आरवलीचो वेतोबाच! आमचो वेतोबा रातचो गावाची राखण करीत फिरता, व्हाणा झिजतत, म्हणान तेका नवी भली मोठी चामड्याची व्हाणा दितत आणि केळ्यांचो घड. ह्यो घोड्यार बसान जंगलाची राखण करता. कामधंदो एकच. आजयेक चित्र दाखवलंय. तिना चष्मो लावन बघल्यान आणि म्हणाली, "तोंड कित्याक झाकल्यान? आणि केळी कोण देणा नाय वाटता, रोडावलो बिचारो."

शेवटचं_पान | १५ जुलै, सकाळी ११:३०

केळी देत नाहीत! तिठ्यावरचो, सकाळपासून हसतोय.

इंद्रजालचा विषय काढलात म्हणून. १९६४ साली सुरू झालं, पहिला अंक वेताळाचाच, आणि १९९०मध्ये बंद पडलं. वेताळ, मँड्रेक, आणि नंतर आबिद सुरतींचा बहादूर. माझ्याकडे मराठीतले साठ-सत्तर अंक होते, शाळेतल्या पोरांच्या दप्तरातून जप्त केलेले काही, ते परत द्यायचे राहिले (खरं सांगायचं तर वाचायचे राहिले म्हणून परत दिले नाहीत).

आम्ही चिपळूणचे, बाजारपेठेच्या अंगाला. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी घरात आली. माणसं माडीवर पोचली, ट्रंक खालीच राहिली. तीन दिवसांनी उघडली तर अंकांची एकच वीट झाली होती. मधली पानं सुटतील म्हणून मी ती वीट पंख्याखाली ठेवली, सुरीने अलगद सोडवत बसलो. एक पान सुटलं. त्यावर वेताळाचा जांभळा रंग मागच्या पानावरच्या बाईच्या तोंडाला लागलेला. पुढचं सुटेना. बायको म्हणाली, "चिखल काढायला हात हवेत, हे काय घेऊन बसलात?" बरोबर होतं तिचं.

त्यानंतर पुतण्याने फोनवर हजार पुस्तकं घालून दिली, पाणी लागत नाही म्हणाला. वाचतो कधी कधी. पण पेन्सिल लागत नाही त्याला.

जाता जाता, नारळीकर गेल्यावर (मे २०२५) 'यक्षांची देणगी' पुन्हा वाचलं. १९७४च्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी 'नारायण विनायक जगताप' नावाने गोष्ट पाठवली होती, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. नावावर बक्षीस मिळू नये म्हणून! बक्षीस मिळालंच. गोष्टी अजून ताज्या आहेत, विज्ञान मात्र मी पानं मागे उलटून उलटून समजून घेतलं.

पिंगुळीच्या_वाटेवर | १५ जुलै, संध्याकाळी ६:४०

कॉमिक की पुस्तक, ऐकणं की वाचणं, हे भांडण वाचून मला आमच्या बाजूची पोथी आठवली. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजातले लोक चित्रकथी करतात. पोथी म्हणजे सुट्या चित्रांचा गठ्ठा. एकेक चित्र पुढ्यात उभं धरायचं आणि त्यावर रामायण-महाभारतातला प्रसंग गाऊन-बोलून सांगायचा, साथीला टाळ, हुडूक. मी लहानपणी देवळात बघितलंय. सांगणारा एका चित्रावर किती वेळ थांबेल ते लोकांच्या तोंडाकडे बघून ठरवायचा. बायका रडायला लागल्या की चित्र बदलायचं नाही. इथे डोळा आणि कान वेगळे काढून दाखवा बघू!

या परंपरेच्या जवळ जाणारी कादंबरी हवी असेल तर प्रवीण बांदेकरांची 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' वाचा, २०२२चं साहित्य अकादमी मिळालंय तिला. कळसूत्री बाहुल्या खेळवणाऱ्याच्या तोंडून आजचं राजकारण. सोपी नाही. मी दोनदा सोडली, तिसऱ्यांदा धरली.

आणि चित्रांचं पुस्तक म्हणाल तर 'भीमायन' (२०११). डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यातले प्रसंग, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांची. त्यांनी कॉमिकच्या चौकटीच मोडून टाकल्या आहेत. पान आखायचं तर रांगोळीसारख्या वळणदार 'दिग्ना' नक्षीने. बोलण्याचे फुगे बघा नुसते. साध्या, निर्मळ बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. जातीचा विखार ओकणाऱ्याचा फुगा असेल तर त्याला विंचवाची नांगी. शब्द वाचायच्या आधी नांगी दिसते. महाडच्या चवदार तळ्याचा प्रसंगही त्यात आहे. हे पुस्तक कानाने ऐकता येणार नाही, एवढं मात्र मी शेवटचं_पान यांच्या बाजूने बोलतो.

कैरी_मीठ | १५ जुलै, संध्याकाळी ७:१२

विंचवाची नांगी!! उद्याच शोधते.

पण चित्रकथी म्हणजे कॉमिक नव्हे हं. कॉमिकमध्ये दोन चौकटींच्या मधल्या रिकाम्या पट्टीत काय घडलं ते आपण मनात भरतो. तुमच्याकडे ते सांगणारा भरतो.

पिंगुळीच्या_वाटेवर | १५ जुलै, संध्याकाळी ७:३०

हे बरोबर बोललीस. माघार.

शेवटचं_पान | १६ जुलै, सकाळी ७:१०

पागोळीताई, एक सूचना, रागावू नका. आईसाठी घरात रेकॉर्ड केलंत ते ठीक. पण ते तुकडे शेजारणींच्या ग्रुपवर फिरवू नका. पेंडसे २००७ला गेले. आपल्याकडे प्रताधिकार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे २०६७ संपेपर्यंत.

पागोळी | १६ जुलै, सकाळी ७:४८

अगंबाई. दोघींना पाठवले होते. काढून टाकायला सांगते. एकीने सासूला ऐकवून झालेसुद्धा, ते आता कानातून कसं काढणार?

मग मोकळं काय वाचू?

शेवटचं_पान | १६ जुलै, सकाळी ८:०५

साने गुरुजी. १९५०ला गेले, कधीच मोकळे झाले. 'श्यामची आई' घ्या. गुरुजी पालगडचे, म्हणजे आपल्याच मुलखातले. नाशिकच्या तुरुंगात १९३३मध्ये पाच दिवसांत लिहिलं. आणि बघा, त्यात प्रकरणं नाहीतच, रात्री आहेत. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो. ४२ रात्री. म्हणजे मुळातच ते ऐकायचं पुस्तक. (हो, मी हे लिहितोय. करबुडे_पॅसेंजर, हसू नका.)

करबुडे_पॅसेंजर | १६ जुलै, सकाळी ८:०७

मी बोगद्यात आहे.

बंदरकर | १६ जुलै, सकाळी ८:२०

+१. एक रात्र, एक तुकडा. पाऊस राहू दे आत.

पागोळी | १६ जुलै, रात्री १०:५५

आईला विचारलं. उत्तर जसंच्या तसं देते.

"श्यामची आई नको गो. आधीच डोळ्यांचं हे असं, त्यात रडायला लावतेस? एखादा खून वाच. तुझे बाबा एस.टी. स्टँडवरून बाबूराव अर्नाळकरांची आणायचे. झुंजार, काळा पहाड, धनंजय. मी चुलीपुढे बसून वाचायचे, भात करपायचा. ती मिळतात का बघ."

हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या म्हणे त्यांनी, माझ्या घरात एक नाही. प्रताधिकाराचं नंतर बघू सर, हे फक्त आईच्या फोनवर राहील, शपथ. कोणाकडे एखादी जुनी प्रत आहे का?

तिठ्यावरचो | १६ जुलै, रात्री ११:२०

झुंजार आसा एक. पण वाळवेन शेवटची चार पाना खाल्ल्यानी. खुनी कोण ता माका चाळीस वर्सा म्हायत नाय.

पागोळी | १६ जुलै, रात्री ११:३४

पाठवा. आई म्हणते, खुनी ती सांगेल.